बोरघाटातला कोसळलेला पूल

१९ जुलै १८६७ रोजी, भर पावसाळ्यात, बोरघाटातला एक मोठा दगडी पूल दरीत कोसळला. पन्नास-पन्नास फुटांच्या आठ कमानी आणि सर्वांत खोल जागी पायापासून सुमारे एकशेसाठ फूट उंची, असे ते काम होते. इंग्रजी कागदांत त्याला म्हाऊ-की-मळीचा पूल म्हणत. बोरघाटाचा आगगाडीचा रस्ता मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला होता. म्हणजे या पुलाने चार पावसाळे पाहिले आणि पाचव्यात माघार घेतली.

घाटातला पूल पडणे ही त्या काळी अगदीच अनोखी गोष्ट नव्हती. पण हा पूल साधा नव्हता. जगातल्या इंजिनियरांनी नावाजलेल्या चढावरचा तो पूल होता, आणि त्याच्या पडण्याने एक प्रश्न उघड्यावर पडला. घर बांधणाऱ्या प्रत्येक माणसाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. काम वाईट निघाले तर त्याचे पैसे कोणी भरायचे? ज्याने बांधले त्याने, ज्याने ‘बरोबर आहे’ म्हणून सही केली त्याने, की ज्याच्या पैशावर ते उभे राहिले त्याने? बोरघाटात या प्रश्नाचे उत्तर पूल पडायच्या अठरा वर्षे आधीच कागदावर लिहून ठेवलेले होते. ते कसे, हेच येथे सांगावयाचे आहे.

आधी घाटाकडे वळू. मुखेडच्या माणसाला मुंबई गाठायची तर दोन वाटा. नांदेडहून गाडी धरली तर मनमाडवरून कसाऱ्याचा थळघाट उतरावा लागतो, आणि लातूरहून निघाले तर कुर्डुवाडी, पुणे करीत बोरघाट. पहाटेच्या झोपेत गाडी घाट उतरते, बोगद्यांमागून बोगदे येतात, आणि कर्जतला बटाटेवड्याच्या हाकेने जाग येते. आपण किती मोठ्या कामावरून घसरत आलो याची वार्ताही बहुतेकांना नसते. पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंतचा हा चढ जुन्या आखणीप्रमाणे जवळजवळ सोळा मैलांचा. तेवढ्यात रस्ता १,८३१ फूट वर चढतो. वाटेत पंचवीस बोगदे. त्यांची एकूण लांबी सव्वादोन मैलांच्या घरात. शिवाय आठ मोठे पूल आणि एक अशी जागा, की जिथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला जोडावे आणि उलट दिशेने पुढे निघावे. ही उलटी फिरण्याची जागा १९२९ साली नवी आखणी झाल्यावर सुटली. खर्च त्या वेळच्या हिशेबाने साठ लाख रुपयांच्या आसपास झाला. चांदीचे रुपये, हे विसरू नये.

या सर्व कामाचा प्रमुख इंजिनियर जेम्स जॉन बर्कले. रॉबर्ट स्टीफन्सनच्या तालमीतला हा माणूस १८५० साली मुंबईस आला, त्याने मुंबई-ठाणे रस्ता केला, घाटांची पाहणी केली, आणि आपला घाट पुरा झालेला न पाहता १८६२ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास विलायतेत वारला. पूल पडला तेव्हा जाब द्यायला तो हयात नव्हता. जाब द्यायला कोण कोण नव्हते, याची यादी पुढे वाढतच जाते.

बोरघाटाचा ठेका प्रथम विल्यम फ्रेडरिक फॅव्हियल या इंग्रज कंत्राटदाराला मिळाला. मुंबई-ठाण्याचा पहिला रस्ता त्याने फाउलर नावाच्या भागीदाराबरोबर बांधला होता, त्यामुळे माणूस अनुभवी. १८५६ च्या जानेवारीत कामाला आरंभ झाला. पहिल्या वर्षी दहा हजार माणसे, दुसऱ्या वर्षी वीस हजार, आणि १८६१ च्या जानेवारीत तर बेचाळीस हजार! एवढी माणसे एका डोंगरावर जमली म्हणजे मध्ये किती हात येतात पाहा. कंपनीचा ठेका फॅव्हियलकडे; त्याने तो तुकड्यातुकड्याने पोटठेकेदारांना दिला; त्यांच्या हाताखाली मुकादम; आणि मुकादमांच्या खाली दगड फोडणारे वडार, पाथरवट, गवंडी, टोपल्या वाहणाऱ्या बायका आणि पोरे. वरून सोडलेला रुपया खाली पोचेपर्यंत किती झिजत असेल, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पण तो झिजत होता याचा पुरावा आहे. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा उसळला, युरोपियन नोकरांवर हल्ला झाला आणि त्यांतला एक दगावला. चौकशी झाली. तीत लोकांचे पैसे अडकल्याचे आणि त्यांना मिळणाऱ्या वागणुकीचे चित्र बाहेर आले.

या दंग्यातून एक कायदा निघाला, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १८६० चा नववा कायदा. रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरचे मालक व मजूर यांचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत, असा त्याचा आशय. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५९ साली, दुसरा एक कायदा झाला होता. आगाऊ पैसे घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मॅजिस्ट्रेट कामावर जुंपू शकत असे किंवा पैसे परत करायला लावू शकत असे, आणि ऐकले नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. हा कायदा १९२५ साली रद्द होईपर्यंत टिकला. म्हणजे पाच रुपये उचल घेऊन पळालेला गवंडी तुरुंगात जाऊ शकत होता. पाच लाखांचा ठेका अर्धवट सोडणारा कंत्राटदार मात्र फक्त दिवाणी दाव्याचा धनी. करार मोडणे हा एकाचा गुन्हा आणि दुसऱ्याचा व्यवहार!

फॅव्हियलने मार्च १८५९ मध्ये ठेका सोडला. काही महिने कंपनीच्या इंजिनियरांनीच काम चालवले. मग विलायतेहून सॉलोमन ट्रेडवेल हा नवा कंत्राटदार आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबर १८५९ मध्ये, आजारपणात मरण पावला. त्याच्या मागे उरली त्याची बायको, अ‍ॅलिस. त्या काळची एक विधवा बाई, परका देश, पटकीने माणसे पटापट मरताहेत, आणि पुढ्यात हा डोंगर. तिने सरळ बोट धरून विलायतेस परत जावे, असे कोणालाही वाटले असते. ती गेली नाही. अ‍ॅडम्सन आणि क्लाउझर या दोन इंजिनियरांना व्यवस्थापक नेमून तिने नवऱ्याचा ठेका आपल्या नावाने पुरा केला. दिवाळीच्या फराळाला बसलेल्या आमच्या भगिनींनी पुढच्या वेळी घाट उतरताना तिची आठवण जरूर करावी. आगगाडीच्या इतिहासात तिला दोन ओळी मिळतात आणि नवऱ्याला तेवढ्याच, हे मात्र काही बरोबर नाही.

तर घाटाच्या कामाला असे तीन हात लागले: फॅव्हियल, कंपनी स्वतः आणि ट्रेडवेलबाई. एखादा वाडा तीन गवंड्यांनी आळीपाळीने बांधावा आणि मग भिंतीला तडा जावा, म्हणजे काय होते हे घर बांधलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तिघेही दुसऱ्या दोघांकडे बोट दाखवतात.

पूल पडल्यावर तपासणी झाली आणि बोभाटा झाला तो दगडकामाचा. ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. उंच खांब बांधताना बाहेरच्या बाजूला घडीव दगडांचा थर असतो आणि आत पोटात ओबडधोबड दगड व चुना यांचा भराव. बाहेरचे कवच आणि आतले पोट एकजीव व्हावे म्हणून मधून मधून लांब दगड आडवे घालावे लागतात. ते खांबाच्या आत खोलवर घुसले पाहिजेत. पोटातले दगडही हाताने बसवून, मधल्या फटी चुन्याने भरून काढाव्या लागतात. चुना घाणीत पुरेसा मळलेला असावा लागतो आणि त्याला वाळायला वेळ द्यावा लागतो. यातले काहीही बाहेरून दिसत नाही! लांब दगड थोडे कमी घातले, पोटात डबर टोपलीने ओतले, चुन्यात माती गेली, तरी बाहेरचा ओळंबा बरोबर, दर्जा भरलेल्या, दगड चकचकीत. मग पावसाळा येतो. बोरघाटात वर्षाला दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. पाणी फटीतून पोटात शिरते, कच्चा चुना धुऊन नेते, आतला भराव फुगतो, आणि कवच एके दिवशी उकलते.

मुखेडला दशरथेश्वराचे जुने देऊळ आहे, चालुक्यांच्या काळच्या कारागिरीचे. त्याचे घडीव दगड एकमेकांवर असे बसवले आहेत, की वजन आपोआप खाली उतरत जाते. चुन्यावर त्याची भिस्त नाही. त्याच पाथरवटांचे वंशज बोरघाटातही असतील. कसब गेले नव्हते. त्याच रेल्वे कंपनीचे दुसरे तुकडे जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदाराने चोख बांधून दिले होते, आणि तेही इथल्याच गवंड्यांच्या हातून. तेव्हा ‘देशी कारागीरच वाईट’ ही जी सबब विलायती कागदांत वारंवार डोकावते, ती मला तरी पटत नाही. मोजमापावर पैसे मिळू लागले, म्हणजे जे मापात दिसते तेच चांगले केले जाते. पोटातले काम मापात दिसत नाही.

आता कायद्याचा प्रश्न. कंत्राटदारावर दावा का लावू नये? या तऱ्हेच्या ठेक्यांत कामाचा न्यायाधीश असे कंपनीचा इंजिनियर. त्याने पाहून दाखला दिला, की काम पुरे झाले, आणि ठरावीक देखभालीची मुदत उलटली, की कंत्राटदार मोकळा. इंजिनियरचा शब्द शेवटचा. हे कितपत शेवटचे असते, याचा एक नामांकित खटला विलायतेत नुकताच होऊन गेला होता. विल्यम रेंजर या कंत्राटदाराने ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे बोगदे आणि पूल घेतले होते. इंजिनियर होता प्रख्यात ब्रुनेल. काम रेंगाळले म्हणून कंपनीने १८३८ साली ते रेंजरकडून काढून घेतले. रेंजर न्यायालयात गेला. खडकाची खरी जात मला सांगितली नाही, आणि ज्या ब्रुनेलने माझ्या कामाचा निवाडा करायचा तो स्वतःच कंपनीचा भागीदार आहे, अशी त्याची तक्रार. निकाल लागला १८५४ साली, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये. सोळा वर्षांनी! लॉर्डांनी सांगितले, की इंजिनियर हा कंपनीचाच माणूस आहे हे ठाऊक असूनच तू सही केलीस. तो भागधारक आहे एवढ्यावरून त्याचा निवाडा रद्द होत नाही. रेंजर हरला.

या निकालाला दुसरीही धार आहे. इंजिनियरचा दाखला कंत्राटदाराला बांधतो, तसा तो कंपनीलाही बांधतो. आपल्याच इंजिनियरने ‘ठीक’ म्हटलेले काम वाईट होते, असे कंपनीने कोणत्या तोंडाने म्हणावे? आणि भारतातल्या रेल्वेकामावर सरकारचेही देखरेखीचे इंजिनियर होते. त्यांची संमती असल्यावाचून काम पुढे जात नसे. तेव्हा सरकारनेही डोळे भरून पाहिलेले होते. सह्यांची संख्या जितकी वाढते, तितकी जबाबदारी पातळ होते. बासुंदीत पाणी घालावे तशी.

राहिला पाऊस. पूल पावसात पडला, हा दैवी कोप. माणसाने काय करावे? ही सबब आजचीही आहे आणि फार जुनीही आहे. मुखेडच्या दक्षिणेस, फार लांब नाही, कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. तेथे चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६) याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. हिंदू वारसाहक्काच्या संदर्भात तिचे नाव आपण ऐकतो. पण तिच्यात मजुरी, भाडे, भागीदारी यांचेही तंटे आहेत. याज्ञवल्क्याचा नियम असा, की ओझे वाहणाऱ्याने माल गमावला तर त्याने तो भरून द्यावा. मात्र राजाच्या किंवा दैवाच्या करणीने गेला असेल तर त्याच्यावर बोजा नाही. आजच्या प्रत्येक बांधकामाच्या करारात हेच कलम लांबलचक इंग्रजीत असते. कौटिल्य याहून करडा: सांगितले त्यापेक्षा वेगळे काम करणाऱ्या कारागिराची मजुरी बुडवावी आणि तिच्या दुप्पट दंड घ्यावा.

पण बोरघाटाचा पाऊस दैवी कसा? भूकंप दैवी म्हणता येईल, वीज म्हणता येईल. जो दरसाल मृगाला येतो आणि हस्ताला जातो, ज्याच्यासाठी कंत्राटदार स्वतःच चार महिने काम बंद ठेवतो, त्या पावसाला दैव म्हणणे म्हणजे सोमवारनंतर मंगळवार आला याला चमत्कार म्हणणे होय.

असो. कंत्राटदार सुटला, इंजिनियर वारला, पावसावर फिर्याद लागत नाही. कंपनीचे काय? येथे १७ ऑगस्ट १८४९ चा करार पुढे येतो. ईस्ट इंडिया कंपनीने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी तो केला. कंपनीच्या भांडवलावर दरसाल पाच टक्के व्याजाची हमी; रेल्वेचे उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीने भरून काढावी. आता पडलेला पूल या हमीत घालून पाहा. पुन्हा बांधण्याचा खर्च भांडवलात धरला, तर भांडवल वाढते आणि त्या वाढीवरही पाच टक्के मिळतात. एकच पूल दोनदा बांधल्याचे व्याज! खर्च चालू उत्पन्नातून केला, तर उत्पन्न घटते, आणि ते पाच टक्क्यांखाली गेले की तूट पुन्हा तिजोरीचीच. कागद उलटा धरा की सुलटा, भरणारा एकच. तिजोरी म्हणजे तरी काय? त्या काळी तिचा मोठा आधार जमिनीचा सारा. पुणे, सोलापूर, खानदेशातला जो शेतकरी जन्मात आगगाडीत बसला नसेल, त्याच्या बैलाच्या मानेवर म्हाऊ-की-मळीच्या कमानी येऊन बसल्या.

हे केवळ आपल्या देशभक्तांचे म्हणणे नव्हे. हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनी १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना याच अर्थाचे सांगितले: व्याजाची हमी असल्यामुळे पैसा नदीत फेकला काय आणि विटाचुन्यात घातला काय, विलायती भांडवलवाल्याला दोन्ही सारखेच, आणि कंत्राटदारांना काटकसर करण्याचे काही कारणच नव्हते. दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनी पुढे या धाग्यावरच आपला युक्तिवाद विणला.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणून १८४९ च्या हमीचा बोजा मुखेडकरांवर थेट पडला नाही. पण सुटकाही झाली नाही. १८८३ साली निजाम सरकारने लंडनच्या एका कंपनीला तशीच हमी दिली. पाच टक्के, वीस वर्षे. कंपनीच्या नावातच ‘गॅरंटीड’ हा शब्द होता. चांद्याच्या रेल्वेच्या या व्यवहाराविरुद्ध हैदराबादेत चळवळ उठली, आणि तीत पुढे असलेले अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील, यांना राज्याबाहेर घालवण्यात आले. नांदेडवरून जाणारा मनमाडचा रस्ता १९०० च्या सुमारास याच कंपनीच्या हाताखाली तयार झाला.

कायदा मात्र हळूहळू बदलला. पूल पडला तेव्हा मुंबई इलाख्याच्या मुलुखात कराराच्या तंट्यांना एक सलग कायदाच नव्हता; १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या रेग्युलेशनप्रमाणे वहिवाट, प्रतिवादीचा कायदा आणि शेवटी न्याय व सद्सद्विवेक यांवर काम भागे. १८७२ साली कराराचा कायदा आला, आणि करार मोडल्याने सरळ ओघाने जे नुकसान झाले ते भरून द्यावे, हे त्र्याहत्तराव्या कलमात लिहिले गेले. घरांच्या बाबतीत २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने आणखी एक पाऊल टाकले: ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधणीतला दोष दाखवून दिला, तर बांधणाऱ्याने तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावा, नाही तर भरपाई द्यावी. म्हाऊ-की-मळीचा पूल सदनिका असता, तर मुदतीत पडला असता!

आणि मालकाचाच माणूस न्यायाधीश, ही रेंजरच्या वेळची रीत? आपल्याकडे सरकारी खात्यांच्या करारांत ती फार काळ नांदली. खात्याचाच अधिकारी लवाद. २०१५ साली लवादाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पक्षकाराच्या नोकराला लवाद होता येणार नाही असे ठरले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तर असा निर्णय दिला, की सरकारी संस्थेने आपल्याच यादीतून लवाद निवडायला दुसऱ्या पक्षाला भाग पाडणे हे समतेच्या तत्त्वाला धरून नाही. त्या प्रकरणातला एक पक्ष होता रेल्वेच्याच विद्युतीकरणाची संस्था.

बोरघाटातला पूल पुन्हा बांधला गेला आणि गाड्या धावू लागल्या. १९०० साली सरकारने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे विकत घेतली. किंमत एकरकमी न देता कंपनीच्या भागधारकांना वार्षिक हप्त्यांनी द्यावयाची ठरली, आणि हप्त्यांची मुदत धरली ती १८४९ च्या कराराला नव्याण्णव वर्षे होईपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत. १५ ऑगस्ट १९४७ चा दिवस उजाडला तेव्हा त्या मुदतीतले एक वर्ष अजून शिल्लक होते.